हातातले सहा महिने

आमच्या घरात शिल्लक रुपयांत मोजत नसत, महिन्यांत मोजत. ही पद्धत आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची. मी सिव्हिलचा डिप्लोमा घेऊन धुळ्याला नोकरीला लागले त्या आठवड्यात त्यांनी मला समोर बसवलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला माझा महिन्याचा खर्च लिहून काढला. खोलीचं भाडं, डबा, दर पंधरा दिवसांनी घरी येण्याजाण्याचं एसटीचं तिकीट, साबण-तेल, घरी द्यायचे ते. खाली रेघ ओढली आणि म्हणाले, "हा तुझा एक महिना. एवढे पोस्टात साठले की तुझ्या हातात एक महिना आला असं समजायचं. असे सहा महिने हातात आले की मला सांग."

"मग काय होईल?" मी विचारलं.

"मग तुला कोणालाही नाही म्हणता येईल."

आबा भुसावळजवळ दीपनगरला वीजकेंद्रात फिटर होते. पण तिथे कायम व्हायच्या आधीची सात-आठ वर्षं त्यांनी ठेकेदारांच्या हाताखाली, जिथे काम निघेल तिथे काढली होती. त्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर पुरता निवायच्या आत मुकादमाने त्यांना आत उतरायला सांगितलं होतं आणि आबा उतरले होते. डाव्या हाताची कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी तेव्हापासून चुरगळलेल्या कापडासारखी दिसायची. लहानपणी मी त्यांना विचारायचे, तुम्ही नाही का म्हटलं नाही. ते म्हणायचे, "घरात चार दिवसांचे दाणे होते. नाही म्हणायला पाचवा दिवस लागतो." एवढं बोलून ते विषय बदलत. या गोष्टीची त्यांनी कधी कहाणी केली नाही.

आमचं क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे चार हात अंगण आणि अंगणात कढीपत्त्याचं झाड. वीजकेंद्राचा आवाज आम्हाला ऐकू यायचा नाही, कारण तो कधी थांबायचाच नाही. पाहुणे आले की तेच विचारायचे, हा कसला आवाज. मधूनच वाफेचा व्हॉल्व्ह उडायचा आणि सगळी कॉलनी दहा मिनिटं खुणांनी बोलायची. दोरीवरचे कपडे काढताना आधी झटकावे लागत, नाहीतर बारीक राख घरात यायची. रविवारी सकाळी बुद्धवंदना, मग आबा वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे आणि आई सुपात काहीतरी निवडत ऐकायची. आईला वाचता येत असे, पण तिला आबांच्या आवाजात बातम्या आवडायच्या. अधूनमधून ती म्हणायची, "हे पुन्हा वाचा." आबा पुन्हा वाचायचे.

महिने मोजायची पद्धत आबांची, पण ते साजरे करायची पद्धत आईची. तिचं म्हणणं असं, की नुसतं साठवत गेलं तर पोरगी चिक्कू होईल. "साठवायचं, पण साठलं की एक दिवस बरं खायचं," ती म्हणाली. "नाहीतर तिला वाटेल पोस्टवाल्यालाच देऊन राहिले आपण पैसे." तेव्हा असं ठरलं, की माझा एक महिना पुरा झाला की त्या रविवारी घरात वेगळा स्वयंपाक. परवा माझ्या भाचीने मोबाइलमध्ये तिची बचत दाखवली. ठरवलेली रक्कम भरली की पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उधळले जातात आणि अभिनंदन अशी अक्षरं येतात. मला गंमत वाटली. आमच्याकडे त्या जागी पाटोड्यांचा रस्सा असायचा.

धुळ्यात मी देवपूरला अक्कांकडे खोली घेऊन राहत होते. अक्का साठीच्या, एकट्या, पापड-कुरडया करून विकायच्या आणि माझ्याशी अहिराणीशिवाय बोलायच्या नाहीत. नोकरी होती बांधकामाचा माल तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये पाण्याचा हौद आणि काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र. कुठे पूल, शाळा, पाण्याची टाकी बांधायला घेतली की तिथल्या काँक्रीटचे वीतभर ठोकळे साच्यात भरून आमच्याकडे आणायचे. ते अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवायचे, मग यंत्रात फोडून किती भार सोसला ते लिहायचं. मालक मधुकरसर स्वतः इंजिनिअर होते. त्यांनी मला हे काम हाताला धरून शिकवलं. यंत्राचा काटा बघायच्या आधी कान द्यायचा, हेही त्यांनीच शिकवलं. चांगलं काँक्रीट फुटताना फटाक्यासारखा आवाज करतं. कच्चं असेल तर आवाज न करता बसतं. वर्षभरात मला काट्याकडे न बघता आकडा सांगता यायला लागला. सर पाहुण्यांना बोलावून माझी ही करामत दाखवायचे.

पहिला महिना साठायला मला चार महिने लागले. पासबुक घेऊन मी घरी गेले, आबांनी शिक्का नीट बघितला आणि आईने पाटोड्या केल्या. बेसनाच्या वड्या, वर तांबडा रस्सा, तो इतका तिखट की आबांच्या कपाळावर घाम आला आणि तरी त्यांनी पुन्हा वाढून घेतलं. दुसऱ्याला वरण-बट्टी झाली. त्या दिवशी शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. आई कौतुकाने म्हणाली, "बसा जेवायला. आमच्या सुमाला दोन महिने झाले ना आज." काकूंनी माझ्याकडे बघितलं, माझ्या गळ्याकडे बघितलं आणि विरजण न घेताच निघाल्या. आईला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. मग ती त्यांच्यामागे फाटकापर्यंत पासबुक घेऊन धावली. तेव्हापासून आमच्या घरात शेजाऱ्यांसमोर "महिना" हा शब्द कोणी काढत नसे.

तिसरा महिना झाला आणि मी सायकल घेतली, म्हणजे पुन्हा दोनवर आले. तिसरा परत पुरा झाला तेव्हा आई म्हणाली, एकाच महिन्याचं जेवण दोनदा नाही, आणि खिचडी टाकली. चौथ्याला आंब्याचे दिवस होते, रस झाला आणि आईने कोणाचं तरी मातीचं खापर मागून आणून त्यावर पुरणपोळ्या केल्या. त्या फाटल्या, पण खाल्ल्या. पाचव्याला ती तापाने पडली होती, मी धुळ्याहून पाव किलो गोडी शेव आणली आणि आम्ही तिच्या खाटेभोवती बसून खाल्ली. अशी दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत मी काही फार मोठा त्याग केला नाही. माझ्याबरोबरच्या मुली साड्या घ्यायच्या तशा मीही घेतल्या, फक्त त्यांच्या तिसऱ्या साडीला माझी पहिली व्हायची. आपण गरीब आहोत असं मला त्या काळात वाटायचं बंद झालं, ते पगारामुळे नाही, त्या पासबुकामुळे. बसमध्ये ते पिशवीत आहे की नाही हे मी पारोळ्यापर्यंत दोनदा तपासायचे.

सहावा महिना हिवाळ्यात पुरा झाला. आबांचे जोडीदार भास्करनाना असोद्याचे. त्यांनी ऐकलं तेव्हा ते म्हणाले, सहाव्याचं जेवण माझ्या शेतात. केळीच्या बागेच्या कडेला त्यांनी तुरीच्या काड्यांचा ढीग करून पेटवला होता आणि त्यात हिरवी, लांबोडकी वांगी टाकली होती. वांगी काळी पडून मऊ झाली की नाना ती उघड्या बोटांनी सोलायचे. लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचून वर शेंगदाणे, खोबरं, कांद्याची पात आणि आईने आयुष्यात एका भाजीला वापरलं नसेल एवढं तेल. "तेलाले हात आखडला की भरीत रुसते," नाना म्हणाले. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या नानांच्या घरून गरम आल्या. आम्ही केळीच्या पानावर, मातीत मांडी घालून जेवलो. जेवण झाल्यावर आबांनी माझं पासबुक नानांना दाखवलं. नानांनी ते तेलकट हात लागू नयेत म्हणून धोतराच्या सोग्यात धरलं आणि शिक्का वाचून परत दिलं. घरी येताना एसटीत खिडकीशी बसून आबा गुणगुणत होते. मी त्यांना तसं पहिल्यांदा ऐकलं.

पुढच्याच महिन्यात ते ठोकळे आले. एका खेड्याच्या पाण्याच्या टाकीचे होते. ठेकेदार सरांच्या नेहमीच्यातला. प्रयोगशाळेचं निम्म्याहून जास्त काम त्याच्याकडून यायचं. काँक्रीटला वीसची ताकद हवी होती. पहिला ठोकळा यंत्रात ठेवला आणि मी नेहमीप्रमाणे कान दिला. आवाज आलाच नाही. ठोकळा ओल्या भाकरीसारखा बसला. काटा अकरावर थांबला होता. दुसरा साडेअकरा, तिसरा साडेबारा. मी आकडे लिहून सरांच्या टेबलावर ठेवले.

सरांनी दार लोटलं आणि मला बसायला सांगितलं. ते रागावले नव्हते. मला वाटतं ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

"सुमेधा, साइटवरच्या लोकांनी ठोकळे नीट भरले नसणार. टाकीतलं काँक्रीट चांगलंच असेल."

"मग टाकीचंच तपासू या, सर. पुन्हा नमुने मागवू."

"भिंती चढल्यात. आता मागवले तर काम थांबेल, आणि काम थांबलं तर तो माणूस पुन्हा इथे येणार नाही." त्यांनी कोरा फॉर्म माझ्याकडे सरकवला. "बावीस, साडेबावीस, एकवीस असं काहीतरी लिही. खात्याकडे तपासनीस म्हणून तुझंच नाव दिलंय, सही तुझी लागेल."

मी फॉर्मला हात लावला नाही.

"मी तुला काढून टाकीन असं म्हणत नाही," सर म्हणाले. "पण ते काम गेलं तर तुझा पगार कुठून देऊ, ते तूच मला सांग. सोमवारपर्यंत विचार कर."

तो दिवस शुक्रवार होता. डबा तसाच परत आणला. शनिवारी सकाळी घरी यायला निघताना अक्कांनी तो बघितला.

"काय व्हयनं पोरी? काल जेवनी नही."

मी पायरीवर बसून त्यांना सगळं सांगितलं. त्यांना ठोकळा म्हणजे काय ते कळलं नसावं, पण टाकी कळली. पापड वाळत घालता घालता त्यांनी एवढंच विचारलं, "पैसा गाठले शेतस ना? मंग कसाले घाबरस?" आणि पुढचा पापड पसरला.

घरी पोचले तेव्हा आबा अंगणात सायकलची चेन साफ करत होते आणि आई तूर पाखडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. मला खात्री होती आबा काय म्हणणार याची. दोन वर्षं ज्या दिवसासाठी साठवलं तो हाच दिवस, एवढं ते म्हणतील आणि मी सोमवारी ताठ मानेने जाईन, असं मी बसमध्ये ठरवूनच आले होते.

आबांनी चेन पुसली, चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, "सही करून टाक."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी दोन वर्षांनी रिटायर होतो," ते सायकलकडे बघतच बोलत होते. "क्वार्टर सोडावं लागेल. घर नाही, प्लॉट नाही. त्या वेळी एक पगार चालू पाहिजे बाई. आणि तुझे सर काही वाईट माणूस नाहीत. म्हणतात तसं असेलही. ठोकळेच नीट भरले नसतील."

आईचं सूप थांबलं. तिने ते खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्याशी नाही, आबांशी बोलायला लागली. "काय बोलून राहिले तुम्ही? दोन वर्षं या पोरीला काय सांगितलं? मी ताप असताना उठून बसली, शेव खाल्ली, ते कशाचं कौतुक होतं? सहीच करायची होती तर सगळ्या पैशाच्या साड्या घेतल्या असत्या तिने."

"तुला समजत नाही."

"मला चांगलं समजतं. तुम्ही त्या बॉयलरमधून आले तेव्हा रात्रंदिवस हात धरून कोण बसलं होतं?"

आबा उठले, नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले. चेनचं काळं तेल पाण्याने जात नव्हतं, तरी ते धूत होते. मी आईकडे बघितलं, तिने पुन्हा सूप हातात घेतलं होतं, पण पाखडत नव्हती. मग आबा परत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "मी घाबरलो," ते म्हणाले. माझ्या माहितीत त्यांनी हा शब्द स्वतःसाठी वापरलेली ही एकच वेळ. "तुझी आई बरोबर बोलते. मी येऊ का तुझ्याबरोबर धुळ्याला?"

"नको आबा. मी सांगेन."

आज मी आबांच्या त्या वयाच्या पुढे गेले आहे, म्हणून त्यांची भीती मला आता जास्त कळते. दुसऱ्याला द्यायचं धैर्य आणि आपल्या पोरीला द्यायचं धैर्य यांत फरक असतो. तेव्हा मात्र मला त्यांचा राग आला होता, आणि तो रविवारच्या वंदनेपर्यंत टिकला.

सोमवारी मी सरांच्या टेबलावर दोन कागद ठेवले. एकावर अकरा, साडेअकरा, साडेबारा आणि खाली माझी सही. दुसरा राजीनामा. सरांनी दोन्ही वाचले. पहिला खणात टाकला, दुसरा समोर ठेवला.

"घरी बसून किती दिवस खाशील?"

"सहा महिने," मी म्हटलं.

त्यांना वाटलं मी उलट बोलतेय. मी उलट बोलत नव्हते, विचारलेल्याचं उत्तर देत होते. त्यांनी त्या महिन्याचा पूर्ण पगार दिला आणि अनुभवाच्या दाखल्यावर कामात चोख असं स्वतःच्या हाताने लिहिलं. त्यांच्याबद्दल मला एवढं सांगायलाच हवं. टाकीचं म्हणाल, तर नंतर दुसऱ्या कोणाच्या तरी सहीने तो बावीसचा रिपोर्ट गेला, टाकी पुरी झाली आणि आजही उभी आहे. लोक मला म्हणतात, बघ, काही झालं नाही. झालं नाही हे चांगलंच झालं, त्या गावाने माझं काय घोडं मारलं होतं. पण मी फोडले ते ठोकळे अकराचे होते, आणि बावीसच्या खाली माझं नाव मला नको होतं. तेवढाच माझा हिशेब होता, आणि तो अजून तसाच आहे.

पुढचे महिने सोपे गेले असं म्हणणार नाही. शिकलेली पोर घरी बसलीय, हे कॉलनीत चार घरांपर्यंत पोचायला चार दिवस लागत नाहीत. मी अर्ज करत होते, भुसावळला एका क्लासमध्ये सकाळी गणित शिकवत होते, पण त्याने बसभाडं सुटायचं, एवढंच. पहिल्यांदा पोस्टातून पैसे काढायला गेले तेव्हा खिडकीपाशी जाऊन परत आले. आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मोडवत नाही. तिने चप्पल घातली, माझ्याबरोबर पोस्टात आली आणि मी फॉर्म भरेपर्यंत बाकावर बसून राहिली. त्या रविवारी तिने पाटोड्यांचा रस्सा केला. आबांनी विचारलं, आज काय. ती म्हणाली, "एक महिना कामाला आला." दुसरा गेला तेव्हा वरण-बट्टी. तिसरा, चौथा. चौथ्याला आंबे महाग होते, म्हणून तिने गुळाचीच पोळी केली, आणि ती एकही फाटली नाही.

चौथा महिना संपला त्याच आठवड्यात जळगावहून पत्र आलं. औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या पाइपांचा एक कारखाना होता, तिथे माल तपासायला माणूस हवा होता. आबांनी सुट्टी काढली नाही, मीच म्हटलं काढू नका. सकाळच्या गाडीने मी एकटी गेले. तपासणी विभागाचे साहेब हडकुळे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी मधुकरसरांचा दाखला दोनदा वाचला.

"कामात चोख होता, तर सोडलं का?"

मी सांगितलं. कोणाचं नाव घेतलं नाही, पण आकडे सांगितले.

"आमच्याकडेही महिन्याच्या शेवटी माल पाठवायची घाई असते," ते म्हणाले. "कधी कोणी म्हटलं, एवढा लॉट जाऊ दे, कर सही. तर?"

"माल ठीक नसेल तर नाही करणार."

"आणि नोकरी गेली तर?"

"माझ्या हातात अजून दोन महिने आहेत, सर."

कसले दोन महिने, ते त्यांनी विचारलं. मग मी त्यांना सगळी पद्धत समजावून सांगितली, खर्चाची रेघ, पोस्ट, पाटोड्यांसकट. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग पगाराचं बोलणं निघालं. मी माझा आकडा सांगितला. त्यांनी समोरच्या कागदावर त्याहून दोनशे कमी लिहिले आणि कागद माझ्याकडे वळवला. मी तो वाचला. जळगावात पिंपराळ्याला खोली घ्यावी लागणार, घरी जास्त द्यावे लागणार, हे सगळं मी मनात मांडून आले होते.

"एवढ्यात माझं भागेल सर," मी म्हटलं, "पण साठणार नाही."

पलीकडे यंत्रं चालू होती. साहेबांनी थोडा वेळ पेन बोटांत फिरवलं, मग आधीचा आकडा खोडून त्याच्या वर माझा लिहिला.

"केव्हापासून येता?"

"एक तारखेपासून," मी म्हटलं. "म्हणजे पूर्ण महिना धरता येईल."